गच्चीवरचा बूस्टर: वारज्यातल्या एका सोसायटीच्या कामाच्या नोंदी

५ जुलै २०२४, शुक्रवार

पार्किंग आणि वर ११ मजले, मजल्याला चार फ्लॅट. तक्रार नेहमीचीच, वरच्या तीन मजल्यांना शॉवर म्हणजे नुसती सुतळीएवढी धार. ११०२ मध्ये नवा इन्स्टंट गीझर आणलाय, तो पेटतच नाही. बसवणारा ‘प्रेशर नाही’ असं सांगून सही घेऊन गेला.

टेप लावून मोजलं. टाकीतल्या पातळीपासून अकराव्याच्या शॉवरपर्यंत उभं अंतर ३.५ मीटर. दहा मीटरला एक बार धरला तर ०.३५ बार, तेही पाणी थांबलेलं असताना. नळ सोडला की पाइपातच निम्मा खर्च. मजल्याची उंची २.९ मीटर, म्हणजे दहाव्याला ०.६ आणि नवव्याला ०.९. आठव्यापासून खाली कोणी कुरकुरत नाही. वरच्या तीन मजल्यांची लाइन टाकीपासूनच वेगळी काढलेली आहे, हे नशीब. या बारा फ्लॅटच्या लाइनवर दाब वाढवणारा पंपांचा संच, म्हणजे बूस्टर, बसवायचा; खालच्यांना हात लावायचा नाही.

चेअरमन काकांचा पहिला प्रश्न, “किती बार देणार?” त्यांच्या व्याह्यांकडे तीन आहे म्हणे. म्हटलं, काका, पंधरा वर्षांच्या फिटिंगला तीन बार दिला तर पहिल्याच रात्री अँगल कॉकचे वॉशर आणि फ्लशचे बॉल बोलायला लागतील. १.६ वर तडजोड. गच्चीवर गेजला १.६ असेल तर अकराव्याच्या शॉवरला पावणेदोनच्या आसपास, नवव्याला २.३. भरपूर झालं.

सामान: दीड एचपीचे उभे मल्टिस्टेज पंप दोन, थ्री फेज, प्रत्येकाला स्वतंत्र ड्राइव्ह, म्हणजे मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. एक चालू, एक राखीव, २४ तासांनी अदलाबदल, मागणी वाढली तर दोन्ही. डायफ्रॅमची १०० लिटरची प्रेशर टाकी, आत रबरी पडदा, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला पाणी.

गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे. काचेच्या नळ्यांचं, उघड्या व्हेंटच्या (हवेसाठी वर उघडा पाइप) टाक्या, त्यातल्या ५०० लिटरच्या दोन या तीन मजल्यांसाठी.

९ जुलै, मंगळवार

चौथरा, रबरी पॅड, दोन इंची सक्शन, हेडर (दोन्ही पंपांचं पाणी एकत्र येतं तो पाइप). पावसाने दोनदा ताडपत्री ओढायला लावली. बायपास लाइन घातली, त्यात एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. बूस्टर बंद पडला तर टाकीचं पाणी आपोआप खाली उतरत राहील, पूर्वीइतकं तरी. मिस्त्री म्हणाला, कशाला उगाच खर्च. मी बायपासशिवाय बूस्टर बसवत नाही. रविवारी सकाळी बारा घरांचं पाणी बंद पडतं तेव्हा फोन मिस्त्रीला येत नाही, मला येतो.

११ जुलै, गुरुवार

आधी मोटरींचं मेगर (इन्सुलेशनची तपासणी), ५०० व्होल्टवर, केबल ड्राइव्हला जोडायच्या आत. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारला की ड्राइव्ह गेला समजा. दोन्ही मोटरी चांगल्या.

केसिंगचे प्लग उघडून पाणी भरलं, हवा काढली. एक नंबर बरोबर फिरला, दोन नंबर उलटा. हाताखालच्या पोराला म्हटलं दोन फेज बदल, तर त्याने मेन एमसीबीच्या खाली बदलल्या. पंप उलटाच. तो दोनदा वायर बघतोय, दोनदा पंख्याकडे. समजावलं की ड्राइव्ह आत आलेल्या तिन्ही फेज आधी डीसी करून टाकतो, त्याला येणाऱ्या फेजचा क्रम माहीतच नसतो. बदल करायचा तो मोटरकडे जाणाऱ्या टोकांना. उलटा फिरतानाही पंप पाणी देतो, थोडा दाबही दाखवतो, म्हणून कानावर जायचं नाही, पंख्याची दिशा डोळ्याने बघायची.

दुपारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळला की वीज तोडणारा स्विच) ड्राइव्ह चालू करताक्षणी पडायला लागली. लीकेज कुठे नाही, ड्राइव्हच्या आतल्या फिल्टरचा करंट अर्थिंगकडे जातो त्याचा परिणाम. पॅनेलची फीड वेगळी घेऊन तिथे ३०० ची टाकली. अर्थिंग पुन्हा तपासलं.

१२ जुलै, शुक्रवार

आजचा दिवस एका आकड्याने खाल्ला.

सेटपॉइंट, म्हणजे ड्राइव्हने राखायचा दाब, १.६ दिला, ऑटोवर टाकलं. डिस्प्लेवर १.६० स्थिर, अगदी फोटो काढावा असं. शेजारी हेडरवरचं गेज १.० दाखवतंय. पोरगा म्हणाला गेज खराब असेल, चिनी आहे. दुसरं लावलं, तेही १.० च.

दाब मोजून ड्राइव्हला करंटने कळवणाऱ्या ट्रान्समीटरच्या लूपमध्ये मीटर टाकला, ५.६ मिलिअँपिअर. ट्रान्समीटर ० ते १० बारचा, ४ ते २० मिलिअँपिअर. ४ म्हणजे शून्य, पुढच्या प्रत्येक १.६ ला एक बार. ५.६ म्हणजे बरोबर एक बार. गेज खरं बोलतंय, ट्रान्समीटरही खरं बोलतोय, खोटं बोलतोय तो ड्राइव्ह. पॅरामीटर उघडला तर सेन्सरची रेंज कारखान्यातून १६ बार. तोच ५.६ चा करंट १६ च्या पट्टीवर १.६ होतो. सगळं नीट असल्यासारखं दिसावं असाच तो आकडा पडला. सेटपॉइंट योगायोगाने दुसरा असता तरी फरक त्याच प्रमाणात पडला असता, पण गेज बाजूला नसतं तर मी आज खुशीत घरी गेलो असतो.

रेंज १० केली. लाइन रिकामी करून शून्याला ४.०० येतंय बघितलं, मग १.६ वर पुन्हा. गेज आणि डिस्प्ले जुळले.

ट्रान्समीटर पंपाच्या तोंडाशी एल्बोवर बसवला होता, आकडा थरथरत होता. तो प्रेशर टाकीजवळ हेडरवर आणला. त्याची शील्डची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेली होती पोराने, ती वेगळी काढली. थरथर गेली.

१३ जुलै, शनिवार

ड्राइव्हला झोपायला, म्हणजे मागणी नसताना पंप थांबवायला, शिकवणं हे या कामातलं खरं काम. चालवता कोणालाही येतं.

हेडरनंतरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, म्हणजे मागणी शून्य. १.६ बार किती हर्ट्झवर टिकतो ते बघितलं: ३३. पंपाच्या हिशोबाशी जुळतं. पूर्ण ५० हर्ट्झला बंद व्हॉल्व्हवर हा पंप ३४ मीटर चढवतो, वेग कमी केला की उंची वेगाच्या वर्गाने घटते. कारखान्यातून किमान वेग ३५ आला होता. तो तसाच ठेवला असता तर मागणी नसताना दाब १.६ च्या वर चढून बसला असता आणि पंप आपला फिरत राहिला असता. किमान २८ केला. ३४.५ च्या खाली २० सेकंद राहिला की झोप, दाब १.३ ला आला की जाग.

तरीही एक मग पाणी घेतलं की पंप उठतोय. ११०२ च्या काकूंनी भांडी घासताना नळ चालू-बंद केला, वर पंप चालू-बंद. म्हणजे प्रेशर टाकी काही करतच नाही. टाकी ठोकून बघितली, वरपासून खालपर्यंत पोकळ आवाज. आत पाणीच नाही. लाइन रिकामी करून, टाकीचा खालचा कॉक उघडून मग हवा मोजली, २ बार. पाण्याचा दाब १.६ आणि हवेचा २, पाणी आत शिरणार कसं? हवा नेहमी पाण्याची बाजू रिकामी ठेवून मोजायची. भरलेल्या लाइनवर मोजली तर हवा पाण्याच्याच दाबाला येऊन बसलेली असते, काहीच कळत नाही. १.१ वर आणली. गाडीच्या टायरचं गेज लागतं तिथे, १६ पीएसआय.

आता १.६ पासून १.३ पर्यंत टाकी साधारण १० लिटर देते. मगाला पंप उठत नाही, फ्लशला एकदा उठतो. संध्याकाळी दोन तास गच्चीवर बसून ऐकलं. छान.

१५ जुलै, सोमवार

सकाळच्या गर्दीत दाब १.५ च्या खाली गेला नाही. ११०२ चा गीझर पेटला. काकूंनी फोन करून सांगितलं.

दुसरा फोन ११०३ चा. त्यांच्या बेडरूमच्या डोक्यावर पॅनेल आहे. रात्रभर पंप दर थोड्या वेळाने उठतो, म्हणाले, “अहो, झोपतो म्हणाला होतात ना?” ड्राइव्हचा हिशोब बघितला. मध्यरात्री ते पहाटे चारपर्यंत दर चार मिनिटांनी जाग. चार मिनिटांत दहा लिटर म्हणजे तासाला दीडशे. कुठेतरी पाणी जातंय आणि ते थेंबाथेंबाने नाही.

१६ जुलै, मंगळवार, रात्री

साडेअकराला गेलो. वॉचमन मामा टॉर्च घेऊन सोबत. पंप बंद केला, बायपासचा व्हॉल्व्ह बंद केला, लाइन १.६ वर. गेजकडे बघत बसलो. काटा सरकतोय, चार मिनिटांत १.३. पाइपांच्या डक्टमधून उतरत एकेका फ्लॅटचा मेन कॉक बंद करत गेलो आणि प्रत्येक वेळी फोनवर मामांना विचारत होतो, “काटा?” “सरकतोय.” नऊ फ्लॅट झाले. १००३ चा कॉक बंद केला आणि मामा म्हणाले, “थांबला बघा.” मग तेच पुढे म्हणाले, “आणि इथलं गळणं पण थांबलं.”

इथलं म्हणजे कुठलं? वर पळालो. सोलरच्या एका टाकीच्या व्हेंट पाइपातून पाणी पडत होतं, पत्र्यावरून गटारात. पावसाळ्यात गच्ची ओलीच, कोणाच्या लक्षात यायचं? मामांना वाटलं सोलर भरून वाहतंय, नेहमीसारखं.

१००३ चे साहेब जागेच होते. बाथरूममध्ये माळ्यावर गीझर, त्याच्या इनलेटला टी. एका बाजूने सोलरचं गरम पाणी, दुसऱ्या बाजूने टाकीचं थंड, दोघांना एकेक गेट व्हॉल्व्ह. ऊन असेल तेव्हा सोलरचा उघडा, पाऊस असेल तेव्हा थंडाचा उघडून गीझर चालवायचा. पुण्यात अशी टी घरोघरी आहे. थंडाचा उघडा होता, सोलरचा त्यांनी बंदच केला होता, पण जुना गेट व्हॉल्व्ह, बसत नाही. बूस्टरचं थंड पाणी त्यातून उलटं शिरून सोलरच्या लाइनने वर चढतंय, टाकीत जाऊन व्हेंटमधून बाहेर. सोलरच्या भरण्याच्या लाइनला एनआरव्ही आहे, म्हणून ते परत मोठ्या टाकीत न जाता बाहेर पडलं. नाहीतर आणखी महिनाभर कळलं नसतं.

पंधरा वर्षं हा व्हॉल्व्ह असाच असेल. दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या टाक्या, दाब सारखा, म्हणून पाणी कुठेच जात नव्हतं. एका बाजूला सव्वा-दीड बार मी चढवला.

दीड वाजला. उद्या आषाढी, पोराला सुट्टी दिलीय, तो आळंदीचा.

१८ जुलै, गुरुवार

काल एकट्यानेच बाराही फ्लॅट बघितले. सगळीकडे तीच टी, एनआरव्ही एकाही ठिकाणी नाही, सात घरांत व्हॉल्व्हची चक्रीच फिरत नाही. ११०२ च्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी दिली, नाहीतर दिवसभर उपासच घडला असता.

आज डक्टमध्ये प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनला एनआरव्ही. मिस्त्रीने स्प्रिंगचे आणले. पहिला ११०१ ला लावला आणि गरम पाणी जवळजवळ बंदच झालं. तिथे ग्रॅव्हिटीचा दाब मुळात ०.३, स्प्रिंग उघडण्यातच त्यातला वाटा गेला. परत दुकानात, फ्लॅपचे घेऊन आला. फ्लॅपचा आडवा किंवा पाणी वर चढणाऱ्या उभ्या लाइनवरच नीट बसतो, उतरत्या लाइनवर फ्लॅप लोंबकळत राहतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी फ्लॅटकडे वळणाऱ्या आडव्या तुकड्यात बसवले. रात्री लाइन ४० मिनिटं १.३ च्या वर टिकली.

काम झालं असं म्हणून हात धुतले तोवर काकू वर आल्या. “आधी धार बारीक होती, पण गरम होती. आता जोरात आहे, पण गारढोण.”

बरोबर आहे. मिक्सरमध्ये एका बाजूने पावणेदोन बारचं थंड, दुसऱ्या बाजूने ०.३ चं गरम. थंड आत घुसतं, एनआरव्ही गरमाला दार लावून घेतो. परवापर्यंत तेच थंड उलटं सोलरमध्ये जात होतं, आता शॉवरमधून बाहेर येतंय, एवढाच माझ्या दिवसभराच्या कामाचा फरक.

२१ जुलै, रविवार

मीटिंग, पार्किंगमध्ये. एकाने विचारलं, सोलरच्या टाकीलाच प्रेशर द्या की. नाही देता येत. या टाक्या उघड्या व्हेंटच्या, आतलं भांडं पातळ पत्र्याचं, व्हेंट बुजवून दाब दिला तर फुटतील. दाबाच्या टाक्यांचं सोलर वेगळं येतं आणि त्याची किंमत ऐकून मीटिंग तिथेच संपली असती. उरतो एकच मार्ग, सोलरच्या बाहेर पडणाऱ्या गरम लाइनवर वेगळा पंप, त्यालाही ड्राइव्ह, आणि दोन्हीकडे सेटपॉइंट एकच.

तोपर्यंत थंडाचा दाब कमी ठेवा म्हणाले. ०.८ मागितला. हिशोब केला, बंद व्हॉल्व्हवर ०.८ टिकवायला पंप २२ हर्ट्झवर फिरवावा लागेल, एवढ्या हळू मोटरचा स्वतःचा पंखाही तिला पुरेशी हवा देत नाही. किमान २८ वर १.२ पर्यंत उतरता येतं. १.२ केला, त्याबरोबर टाकीची हवा १.१ वरून ०.८५ वर. सेटपॉइंट बदलला की हवा बदलायची, हे बहुतेक जण विसरतात. पण १.२ समोरही ०.३ म्हणजे काहीच नाही. शेवटी सकाळी सहा ते नऊ बूस्टर बंद, बायपासवर.

काका म्हणाले, “म्हणजे ज्या वेळेला पाहिजे, नेमकं त्याच वेळेला बंद.”

हो, काका.

२५ जुलै, गुरुवार

काम नाही. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलंय, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत शिरलंय. ओळखीच्या दोन सोसायट्यांत पार्किंगमधले पंप पाण्याखाली. दिवसभर फोनवर एकच सांगत होतो, सुकवल्याशिवाय आणि मेगर मारल्याशिवाय मेन चढवू नका.

२ ऑगस्ट, शुक्रवार

गरम पाण्याचा पंप आला. एक एचपी, सील आणि ओ-रिंग गरमाला चालणाऱ्या, ९० अंशांपर्यंत. साधा पंप लावला तरी चालतो, चार-सहा महिने. ट्रान्समीटर थेट गरम लाइनवर न लावता हातभर नळीच्या टोकाला लावला, तिथलं पाणी हलत नाही, गारच राहतं. रेंज या वेळी सगळ्यात आधी तपासली, १६ च होती.

थंड पुन्हा १.६, हवा पुन्हा १.१, गरम १.६. गरमाला टाकी छोटी, २४ लिटरची. संध्याकाळी ११०२ मध्ये मिक्सर अर्ध्यावर, कोमट पाणी, धार पूर्ण.

५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ७.२० ला गरमाचा पंप ट्रिप. ड्राय रन. सोलरची टाकी भरलेली, मग कोरडा कसा? रीसेट केला, चालला, दहा मिनिटांत पुन्हा.

ड्राय रन मी असं लावलंय: ड्राइव्ह पूर्ण ५० वर आणि दाब ०.५ च्या खाली, असं ३० सेकंद राहिलं की बंद. ती वेळ वाढवून किंवा मर्यादा खाली आणून ट्रिप घालवता येते, सील जळेपर्यंत. पोराचा हात त्याच पॅरामीटरकडे जात होता.

टाकीतून गरम पाणी वरच्या भागातून निघतं, खालून थंड येऊन त्याला वर ढकलतं. ढकलणारं पाणी कमी पडलं तर पातळी तोंडाच्या खाली जाते आणि पंप व्हेंटमधून हवा ओढतो. भरण्याची लाइन पाऊण इंची. बादली लावून मोजलं, मिनिटाला १८ लिटर. सकाळी सात-सव्वासातला चार-पाच शॉवर एकदम, मिनिटाला ४० जातात. ग्रॅव्हिटीवर असताना तेवढं कोणाला मिळतच नव्हतं, म्हणून पाऊण इंच पुरत होता.

दीड इंची लाइन ओढली, एनआरव्ही तोच ठेवता आला नाही, मोठा घातला. सोलरच्या दोन्ही टाक्यांना जोडणारा पाइपही बदलला, तिथेही पाऊणच होता.

९ ऑगस्ट, शुक्रवार

चार सकाळी ट्रिप नाही. ११०२ च्या शॉवरच्या जागी गेज लावलं. बंद असताना थंड १.७५, गरम १.७. शेजारचे दोन नळ सोडले तर दोन्ही १.४. १००१ ला दोन्ही २ च्या आसपास. मध्यरात्री ते चार या वेळेत थंड दोनदा उठला, गरम एकदाही नाही. ११०३ ने आज फोन केला नाही.

सेटिंगचे आकडे, सेन्सरची रेंज आणि हवेचा दाब पॅनेलच्या दारावर आतून मार्करने लिहून ठेवले. हवा जानेवारीत पुन्हा तपासायची. पासवर्ड काकांना वेगळ्या चिठ्ठीवर दिला, म्हटलं कोणाला देऊ नका. पॅनेल बंद करायला वर गेलो तर त्यांनी तो माझ्याच आकड्यांच्या खाली, माझ्याच मार्करने लिहिला होता.

बिल केलं. बारा एनआरव्ही आणि त्यांची मजुरी त्यात धरली नाही. ५ जुलैला सोलरबद्दल दीड ओळ लिहून खाली उतरलो होतो, एकाही बाथरूमच्या माळ्यावर डोकावलो नव्हतो.